पुरवून

आमच्या गच्चीवरच्या दोरीवर कपड्यांच्या आधी दुधाच्या पिशव्या वाळत पडतात. पिशवी रिकामी झाली की आई तिच्यात घोटभर पाणी घालते, हलवते, ते पांढुरकं पाणी चहाच्या आधणात ओतते आणि मगच पिशवी उलटी करून चिमट्याला लावते. नाइट करून सकाळी मी जिना चढून येतो तेव्हा त्या वाऱ्यावर फडफडत असतात. शेजारच्या गच्च्यांवर निळे, करडे, खाकी असे कंपन्यांचे गणवेश आणि मधेच आमची ही पिशव्यांची माळ. नव्याने राहायला आलेलं कुणीतरी विचारतं, "मावशी, ह्या कशाला?" आई म्हणते, "भंगारवाला नेतो." तेवढ्यावर विषय संपतो.

पिशवी कापायचीही तिची रीत आहे. कोपरा ती कधी तोडून टाकत नाही. कात्रीने अर्ध्याच्या पुढे चीर देते आणि तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवते. मध्यंतरी माझ्या वाचनात आलं की तो नखाएवढा तुकडा सगळ्यात वाईट. पिशवी कुणीतरी वेचतं, वितळवतं, तिचं पुन्हा काहीतरी होतं. तुकडा वेचायला कोण वाकणार? तो मातीत नाहीतर नाल्यात जातो आणि तिथेच राहतो. मी हे मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. तुझी रीत किती बरोबर आहे बघ, म्हणालो. ती म्हणाली, "तुकडा मोरीत जातो आन् मोरी तुंबती. मग ती काढायची कुणी?"

कात्री तीच, चीरही तीच. तिच्या लेखी मोरीसाठी, माझ्या लेखी पृथ्वीसाठी.

'पर्यावरण' हा शब्द आईच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. तिच्याकडे त्याऐवजी एक क्रियापद आहे. "पुरवून वापर." साबण पुरवून, तेल पुरवून, बोअरचं पाणी पुरवून. गंमत अशी की हेच क्रियापद मी जिथे राबतो तिथेही दिवसरात्र चालतं, पण उलट्या अर्थाने. आमचा कारखाना छोटा. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणं हे त्याचं काम. घरात पुरवणं म्हणजे असलेलं लांबवणं आणि कारखान्यात पुरवणं म्हणजे नवं देत राहणं. गेली वीसेक वर्षं मी या दोन पुरवण्यांच्या मध्ये ये-जा करतो आहे. पर्यावरणाला धरून जगण्याचे माझे जे काही बरेवाईट प्रयत्न आहेत, ते सगळे या वाटेवरचे.

कारेगाव म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. रांजणगावच्या महागणपतीजवळ, असं सांगितलं की कळतं. पुणे-नगर महामार्गावर शिक्रापूर सोडून शिरूरकडे निघालं की अष्टविनायकांतलं हे रांजणगाव लागतं आणि त्याला चिकटून औद्योगिक वसाहत आणि कारेगाव. फ्रीज, कपडे धुण्याची यंत्रं, टीव्ही, मोटारी असं देशभरच्या घरांत जाणारं बरंच काही या पट्ट्यात तयार होतं. मूळचा मुलूख मात्र पर्जन्यछायेचा. सह्याद्रीने पाऊस अडवून उरलासुरला इकडे धाडायचा आणि त्यावर बाजरी, मटकी, हुलगा निघायचा. नदी आणि कालवे जिथे पोचले तिथे ऊस आला. जिथे पाणी पोचलं नाही तिथे कारखाने आले.

आणि कारखान्यांमागून आम्ही आलो. बीडचे, लातूरचे, परभणीचे, नांदेडचे, पुढे बिहारचे आणि ओडिशाचेही. कुणी आयटीआय झालेलं, कुणी बारावीला बसलेलं, कुणी नुसतंच दुष्काळाला कंटाळलेलं. गावकऱ्यांनी रानात खोल्या बांधल्या. इथे घर म्हणत नाहीत, खोली म्हणतात. "कुठं राहता?" "तात्यांच्या खोल्यांत." मी २००४ साली एका पत्र्याच्या पेटीसह आलो तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहाजण होतो. तीन शिफ्ट असल्यामुळे एका वेळी तिघांच्याच गाद्या लागत. माणसांनी गादीसुद्धा पुरवून वापरली.

अशा गावात कचरा हा पाहुण्यासारखा असतो. कुणाचाच नसतो आणि सगळ्यांकडे असतो. उद्या काम सुटलं तर परवा पेटी उचलून जायचं आहे, अशी ज्याची अवस्था त्याने ओढ्याची काळजी कशाला करावी? शेवेची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या पट्ट्या, आणि अलीकडे घरपोच आलेल्या वस्तूंची फुगेवाली वेष्टणं. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, जूनपासून दंड सुरू झाला. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. दोन्ही वेळी आमच्या आठवडी बाजारात महिनाभर कागदी पुड्या दिसल्या. मग हळूहळू पातळ पिशव्या परतल्या. पहिल्यांदा कोथिंबिरीला, मग टोमॅटोला, मग मासळीला.

*

मी जे बनवतो ते सांगायला हवं. फ्रीज उघडल्यावर तळाशी भाजीचा पारदर्शक डबा असतो ना, तो. पॉलिस्टायरीनचे दाणे येतात, साबुदाण्यासारखे, पण काचेसारखे चकचकीत. ते मशीनच्या डोक्यावरच्या हॉपरमध्ये ओतायचे. आत दोनशे अंशांच्या वर ते वितळतात, स्क्रू त्यांना साच्यात रेटतो, साच्याच्या पोटातून थंड पाणी फिरतं, साचा उघडतो आणि डबा बाहेर. मिनिटाला साधारण एक. एका शिफ्टमध्ये चारशेच्या पुढे. मी वीस वर्षांत किती डबे बघितले असतील याचा हिशेब एकदा मांडायला घेतला होता, लाखाच्या पुढे दुसरा आकडा आला तेव्हा पेन खाली ठेवलं.

वितळलेलं प्लॅस्टिक ज्या वाटेने साच्यात शिरतं तिथे एक दांडी उरते. तिला रनर म्हणतात. रनर, फुटके डबे, डाग पडलेले डबे हे सगळं ग्राइंडरमध्ये जातं, दळलं जातं आणि नव्या दाण्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळलं जातं. पारदर्शक डब्यात ते फार चालत नाही, रंग पिवळट पडतो, ठिपके दिसतात. मग उरलेलं काळ्या रंगाच्या, न दिसणाऱ्या भागांसाठी. आईला मी हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा तिला लगेच उमगलं. "म्हणजे शिळ्या भाकरीचा काला. पाहुण्याला ताजी, आन् घरच्याला काला."

अगदी तसंच. जमिनीवर दाणे सांडले तर सुपरवायझरचा आवाज चढतो, कारण किलोमागे पैसा असतो. झाडून, चाळून, वेगळे करून ते परत वापरले जातात. आपल्या कुंपणाच्या आत कारखाना माझ्या आईसारखाच वागतो. फरक गेटवर पडतो. ट्रक गेटबाहेर गेला की डबा आमचा राहत नाही. तो दहा वर्षं टिकला काय, दोन वर्षांत तडकला काय, त्याची चिंता आमच्या तक्त्यावर येत नाही. आईची चिंता मात्र वस्तू घरात आल्यावर सुरू होते.

आणि इथेच माझी खरी अडचण आहे. उन्हाळा आणि दिवाळी जवळ आली की फ्रीजची मागणी वाढते, आमचा ओव्हरटाइम सुरू होतो. माझ्या लेकीची फी, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, गावाकडच्या घरावरचे पत्रे, हे सगळं त्या ओव्हरटाइममधून झालं. मंदी आली की आधी कंत्राटी पोरांना 'ब्रेक' मिळतो. काल शेजारी उभा असलेला मुलगा आज पेटी भरताना दिसतो. लोकांनी वस्तू जपून, दुरुस्त करून, वर्षानुवर्षं वापराव्यात असं मला मनापासून वाटतं. आणि सगळ्यांनी ते खरंच ऐकलं तर आमच्या खोल्या रिकाम्या होतील हेही मला ठाऊक आहे. पर्यावरणावरच्या लेखांत हे वाक्य सहसा नसतं. ते लिहिणाऱ्याची शिफ्ट त्यावर अवलंबून नसते म्हणून असेल.

*

पाचेक वर्षांपूर्वी मी ठरवलं की निदान घरातला ओला कचरा बाहेर जाऊ द्यायचा नाही. उचलून नेलेला कचरा कुठेतरी ढिगात पडतो, दाबला जातो, हवा न लागता कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरतो. हे वाचल्यावर मला भाजीच्या देठांची भीतीच बसली. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली आणली, बुडाला भोकं पाडली, गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यात देठं, सालं, चहाचा चोथा टाकू लागलो.

तिसऱ्या आठवड्यात वास सुटला. चौथ्या आठवड्यात अळ्या झाल्या. पांढऱ्या, लठ्ठ, शिस्तीत चालणाऱ्या. एका रात्री पाऊस पडला आणि त्या भिंतीवरून उतरून खालच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याच्या खोलीत शिरल्या. सकाळी मी नाइटहून आलो तेव्हा जिन्यात माणसं जमली होती. खोल्यांचे मालक तात्या खुर्ची टाकून बसले होते.

"काय ओ, वर काय मेलंय का?"

मी खालमानेने त्यांना गच्चीवर नेलं. बादली दाखवली, कंपोस्ट म्हणजे काय ते सांगू लागलो. कर्ब, नत्र, प्रमाण, जीवाणू. तात्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं.

"अवो, हा उकिरडा हाय! मग असा कोंडून का ठेवलाय त्याला? नुसतं ओलं घालून चालतंय व्हय? पाचट घाला, पालापाचोळा घाला. दोन वंजळी कोरडं, एक वंजळ ओलं. शेणकाला शिंपडा. आन् आठ दिवसांनी खालवर करा."

मी तीन लेख वाचून जे बरोबर समजू शकलो नव्हतो ते त्यांनी ओंजळीच्या मापात सांगितलं. मग जाता जाता जिन्यात थांबले. खाली बोट करून म्हणाले, "ह्या खोल्या हायेत ना, हितंच होता आमचा उकिरडा. आजा सांगायचा, उकिरडा धाकटा तर रान बी धाकटं." आणि दुसऱ्याच्या गोष्टीवर हसावं तसं हसले. भाडं वेळेवर द्यायची आठवण त्या दिवशी त्यांनी केली नाही.

पाचट आणायला मी नदीकडच्या रानात गेलो. दिवसाउजेडी गेलो, कारण या भागातल्या उसात बिबट्याचा वावर असतो आणि संध्याकाळ झाली की कुणी फडाजवळ फिरकत नाही. ऊस तोडून नेल्यावर पाचट जाळून टाकायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. पुण्याच्या आरती या संस्थेने याच पाचटापासून कोळसा करण्याची युक्ती काढली आणि २००२ साली तिला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. मला दोन पोती पाचट फुकट मिळालं, वर शेतकरी म्हणाला, "लागलं तर आणखी न्या." तेव्हापासून बादली वास मारत नाही. दोन-अडीच महिन्यांनी तिच्यातून काळी, मोकळी, पहिल्या पावसाच्या वासाची माती निघते. अळ्या अजून होतात. आता त्या कुणाच्या खोलीत जात नाहीत.

बाकीचे प्रयत्न थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्याचेच आहेत. कामावर सायकलने जायला लागलो, सात महिने टिकलो. एका कंटेनरच्या हवेने साइडपट्टीवरून खाली गेलो, ढोपर फुटलं, आणि आईने सायकलला कुलूप लावून किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. पुन्हा बसने जाऊ लागलो. एका बसमध्ये चाळीस माणसं जातात हे काही वाईट नाही, अशी मनाची समजूत घातली. कपडे धुण्याच्या यंत्रातून जाणारं पाणी एकदा बादल्या लावून मोजलं. सात बादल्या भरल्या. त्यानंतर शेवटच्या खळबळण्याचं पाणी साठवून संडासाला आणि जिना पुसायला वापरतो. उन्हाळ्यात बोअर आटून टँकर सुरू झाला की खालची माणसंही तसंच करतात आणि पावसाळा लागला की विसरतात. मीही दोनदा विसरलो आहे.

*

आपण हे सगळं करतो त्याने काय होतं, हा प्रश्न नाइटला पहाटे तीनच्या सुमारास हमखास पडतो. मशीन डबे टाकत असतं, हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं असतं. मी घरी एक पिशवी वाचवली, इथे तेवढ्या वेळात शंभर डबे पडले.

उत्तराचा एक तुकडा मला फ्रीजमध्येच सापडला. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा वायू असायचा. तो ओझोनचा थर खायचा आणि वर एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात दहा हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरायचा. १९८७ साली मॉन्ट्रियलला करार झाला, देशांनी एकेक करून हा वायू सोडला, भारतातलं त्याचं उत्पादन २००८ साली थांबलं. आज बाजारातल्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आपल्या शेगडीतल्या गॅसचा भाऊबंद. तोही शंभर ग्रॅमपेक्षा कमी, आणि हवेला त्याचा जाच नगण्य. इतका मोठा बदल झाला आणि तो कुण्या गृहिणीच्या संकल्पाने झाला नाही. ज्यांच्या घरात झाला त्यांना त्याचा पत्ताही नाही. पांढरं दार तेच, आतला बर्फ तोच.

हे कळल्यावर काही दिवस मला आईच्या पिशव्यांकडे बघवेना. म्हटलं, करार होतात तेव्हा जग बदलतं, आपण उगाच दोऱ्या बांधतो.

त्याच हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन रांजणखळगे बघायला गेलो. शिरूर आणि पारनेर या दोन तालुक्यांच्या सीमेवर, टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मध्ये कुकडीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टमध्ये मोठमोठे रांजण कोरलेले आहेत. काही इतके खोल की वाकून पाहिलं तर पोटात गोळा येतो. लेकीने विचारलं, कुणी केले? मी गुडघ्यावर बसून एका उथळ खळग्याच्या तळाशी हात घातला आणि दोन गोटे बाहेर काढले. गुळगुळीत, कबुतराच्या अंड्याएवढे. म्हटलं, यांनी. पूर येतो, पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, त्याच्याबरोबर गोटे फिरतात आणि फिरता फिरता खडक घासतात. हजारो वर्षं.

लेक सातवीत आहे, शंका काढण्याच्या वयात. म्हणाली, "आत्ता पूर नाहीये, मग आत्ता हे नुसते बसून आहेत?"

"हो."

"आणि पूर आला पण गोटे नसले तर?"

मला उत्तर सुचलं नाही. परत येताना सुचलं. नुसत्या पाण्याने खडक असा गोल कोरला जात नाही आणि नुसत्या गोट्याने तर ओरखडाही पडत नाही. करार, कायदे, बंद्या म्हणजे पूर. तो आपल्या हातात नाही, पण तो येईल तेव्हा तळाशी गोटे हवेत. तिथून जवळच, त्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले आणि तिथे पाणी अडवायचं काम सुरू झालं. बांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केले, पण त्याबरोबर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान असे नियम साऱ्या गावाने पाळले. एकट्याने आपली शेळी बांधून ठेवली असती तर तिच्या वाट्याचा पाला दुसऱ्याच्या शेळीने खाल्ला असता. आमच्याकडे २०१८ ची बंदी महिनाभरात ओसरली ती कायदा कच्चा होता म्हणून नाही. पाणी आलं होतं, तळाला गोटे नव्हते. कोथिंबीर घ्यायला आलेल्यांत कापडी पिशवी घेऊन आलेले आम्ही चारच होतो.

*

आईची काटकसर मी इतका वेळ कौतुकाने सांगतो आहे, पण तिच्यासमोर हे कौतुक टिकत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी जाहीर केलं की घरातल्या प्लॅस्टिकच्या घागरी काढून मातीचा रांजण ठेवू. रांजणगावच्या शेजारी राहतो आणि रांजण नाही, असा एक विनोदही केला. आई काही बोलली नाही. दुपारी भांडी घासताना तिने सांगायला सुरुवात केली, ती माझ्याकडे न बघता.

बहात्तरच्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला आईबापांबरोबर जायची, तिथे सुकडी मिळायची. पाणी दीड कोसावरून. डोक्यावर पितळी हंडा, कमरेला मातीची घागर. एकदा ठेच लागून मातीची घागर फुटली, तेव्हा मारापेक्षा तिला रडू आलं ते परत जायला लागणार म्हणून. मग बऱ्याच वर्षांनी, लग्नानंतर, बाजारात प्लॅस्टिकची घागर आली. "फुलावानी हलकी. पडली तर फुटंना. त्या दिशी डोक्यावर काय हाय का न्हाई तेच कळंना मला." मग ती थांबली, हातातला तांब्या विसळला. "तुझं बरं हाय बाबा. तुला सोडायला हाय. आमाला धरायलाच नव्हतं."

मी रांजण आणला नाही. माझी काटकसर निवडलेली आहे, आईची लादलेली होती. वरून दोन्ही एकसारख्या दिसतात, म्हणून मी स्वतःला तिच्या रांगेत उभं करत होतो. निवडलेल्या काटकसरीत थोडी मिजास येते, हे मला त्या दुपारी कळलं. मिजास दूर ठेवायचा मला सापडलेला उपाय एकच, आपल्या प्रयत्नांची जाहिरात बायकोसमोर करायची नाही, कारण बादली खालवर करायची पाळी तिच्यावरही येते. आईचं तर आणखी पुढे आहे. उन्हाळ्यात ती फ्रीजमधलं थंड पाणी आवडीने पिते. भाजी मात्र त्यात ठेवू देत नाही. कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवते. वीस वर्षं भाजीचे डबे करणाऱ्याच्या घरात डब्यात काय असतं? लेकीची चॉकलेटं.

*

मराठीत पुरणे हे मोठं विचित्र क्रियापद आहे. पुरेसं होणं म्हणजे पुरणं आणि मातीआड करणं म्हणजेही पुरणं. रांजणगावच्या वसाहतीत घातक औद्योगिक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो पुरायची सामायिक व्यवस्था आहे. अशा खड्ड्यात आधी मातीचा दाबलेला थर, त्यावर जाड प्लॅस्टिकचं अस्तर, झिरपणारं पाणी गोळा करायला नळ्या, मग कचरा, आणि भरला की वरून पुन्हा तसंच झाकण. आणि मग वर्षानुवर्षं राखण, काही झिरपत तर नाही ना. आमच्या बादलीतलंही एका अर्थी पुरलेलंच आहे. फक्त त्याची राखण करावी लागत नाही. ते स्वतःच दुसरं काहीतरी होऊन वर येतं. ज्याला आपण 'पुरे' म्हणत नाही त्याला शेवटी पुरावंच लागतं, एवढं मला या एका शब्दाने शिकवलं.

मागच्या दिवाळीआधी भंगारवाल्याकडे पिशव्या द्यायला गेलो होतो. किलोभर साठायला महिने लागतात. त्याच्या आवारात एक जुना फ्रीज फोडून पडला होता. ई-कचऱ्याचे नियम आहेत, २०१६ चे होते, २०२३ च्या एप्रिलपासून नवे लागू झाले, बनवणाऱ्यावर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकणारे. पण गल्लीतला फ्रीज गल्लीतल्याच माणसाकडे जातो. तांबं काढलं, कॉम्प्रेसर काढला, पत्रा वेगळा केला, आणि ज्याला कुणी घेत नाही ते कडेला. कडेला भाजीचा डबा होता. एक कोपरा तडकलेला, पिवळा पडलेला.

मी सवयीने तो उलटा केला. साच्यातून येणाऱ्या प्रत्येक भागाच्या पाठीवर घड्याळासारखी एक छोटी गोल खूण उमटते. कडेला बारा महिने, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. वर्ष होतं ०९. बाण सहावर. तेव्हा मी याच साच्यावर होतो. शिफ्ट कुठली होती हे त्यावर लिहिलेलं नसतं.

"कितीला?"

"त्याला कोण घेतंय? न्या तसाच."

हे प्लॅस्टिक ठिसूळ, ड्रिल लावलं तर चरकन तडा जातो. म्हणून खिळा शेगडीवर लाल केला आणि बुडाला भोकं पाडली. घरभर कारखान्याचा वास सुटला, बायकोने खिडक्या उघडल्या. बादलीतली माती भरली. आईने धणे पायताणाखाली रगडून दोन फाका केल्या, पसरल्या, वरून मूठभर माती आणि पाचटाचं पातळ पांघरूण घातलं. दहाव्या दिवशी पारदर्शक भिंतीतून पांढरी मुळं दिसू लागली. हे मला अपेक्षित नव्हतं. वीस वर्षं हा डबा मी आतून रिकामाच बघितला होता.

महिन्याभराने एका रविवारी वरण उकळत होतं. लेक कात्री घेऊन गच्चीवर आली. दोरीवर पिशव्या होत्या, त्यांच्या सावल्या कोथिंबिरीवर हलत होत्या. तिने डब्याकडे बघितलं, एवढीशी हिरवळ, घरात माणसं पाच, कारण तात्याही जेवायला यायचे होते.

"आजी, पुरेल का गं एवढी?"

आई पायरीवर बसली होती. म्हणाली, "वरवर खूड. मुळं ऱ्हाऊ दे. पुरंल."